इशारा खोटा ठरतो म्हणजे काय?

मंडळी, अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळ्यांना बावट्याचे नंबर आपण काय शिकवणार? १ ते ११. त्यातला अकरावा बघा. हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय, पण बंदरावरच्या अधिकाऱ्याला हवा बिघडेल असं वाटतंय, तेव्हा तो चढतो. म्हणजे खात्री नसतानाही इशारा देता येतो, नव्हे द्यावाच लागतो.

आता ३ जून २०२० घ्या. निसर्ग चक्रीवादळाचा इशारा पालघरलाही होता. होड्या परत बोलावल्या. वादळ धडकलं खाली रायगडात. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, 'उगाच घाबरवलं!' धंदा बुडालेला असतो, ते नुकसान खरंच असतं.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. भाकीत सांगतं, काय होईल. ते खरं किंवा खोटं ठरतं. इशारा सांगतो, काय करा. तो शहाणपणाचा असतो किंवा नसतो, आणि हे त्या वेळी जे ठाऊक होतं त्यावरून ठरवायचं.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, तौक्तेत मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला. वर २६१ माणसं होती. ७०हून अधिक गेली. इशारे आधीच आले होते. बार्ज मात्र बंदरात परतला नव्हता.

आता इशारा मोबाइलवरही येतो. पण मागचा 'खोटा' म्हणून आपण पुढचा ऐकणार नसू, तर कितीही मोठ्यानं वाजून उपयोग काय?