भातलावणीत अडलेली लघवी

जुलैत आंदर मावळात, पवन मावळात इंद्रायणी भाताची लावणी लागली की बायका सकाळपासून चिखलात वाकलेल्या. पावसात तहान फारशी लागत नाही. त्यात शिवारात आडोसा नाही, म्हणून पाणी मुद्दामच कमी प्यायचं. मग कुणाला तरी उन्हाळी लागतेच. शनिवार-रविवारी बोरघाटात अडकलेल्या, लोणावळ्याला निघालेल्या पर्यटक बायकांचीही गत तीच.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा २०च्या आसपास. आतड्यातले ई. कोलाय जंतू ते छोटं अंतर सहज कापतात. लघवी वेळेवर झाली तर बरेचसे वाहून जातात. तुंबली की मूत्राशयात वाढतात. जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं सुरू होतं.

मुतखड्यालाही कमी पाणी कारणीभूत ठरतं. ५ मिलिमीटरहून लहान खडा बहुधा आपोआप पडतो. कुळथाचं कढण खुशाल प्यावं, पण मोठा खडा त्यानं विरघळेल ही आशा नको.

थंडीताप, कुशीत कळ किंवा लघवीत रक्त दिसलं, तर मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. त्याच दिवशी जवळचं आरोग्य केंद्र गाठून लघवी तपासून घ्यावी. गरोदर बाईनं तर नुसत्या जळजळीलाही थांबू नये.