दोनशे मीटरच्या रेषेआत

रिचर्ड्स बे बंदरात आमच्या जहाजावर कोळसा भरणं चालू होतं, तेव्हा मी ब्रिजवर बसून पुढचा मार्ग आखत होतो. जहाज २२५ मीटर लांब, सात होल्डचं. सत्तर हजार टन कोळसा घेऊन रॉटरडॅमला जायचं होतं. मी सेकंड मेट, म्हणजे मार्ग आखणं हे माझंच काम. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरायचं, अगुल्हास भूशिराला वळसा घालायचा आणि अटलांटिकमध्ये शिरून उत्तरेकडे लागायचं. या किनाऱ्याला लागून अगुल्हास प्रवाह वाहतो. उष्ण कटिबंधातलं कोमट पाणी नैर्ऋत्येकडे घेऊन जाणारी ती समुद्रातली नदीच आहे, आणि तिच्या मधल्या पट्ट्यात वेग चार-पाच नॉटपर्यंत जातो. तेरा नॉटने चालणारं जहाज तिथे सोळा-सतरा नॉटने पळतं, तेही थेंबभर जास्त इंधन न जाळता. मी माझी रेष अर्थातच त्या पट्ट्याच्या बरोबर मधून ओढली होती.

कॅप्टन साहेब वसईचे. त्यांनी एक्डिसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या, पडद्यावर रेष नीट पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहे. आता हिच्यातून बाहेर पडायच्या जागा दाखव."

त्या जागा मी काढल्या नव्हत्या. पुढचे दोन तास त्यातच गेले.

हा किनारा विचित्र आहे. पोर्ट एडवर्डपासून ईस्ट लंडनपर्यंतच्या भागाला वाइल्ड कोस्ट म्हणतात. तिथे उथळ समुद्राची पट्टी अगदी अरुंद असते. २०० मीटर खोलीची रेषा ओलांडली की तळ एकदम खाली घसरत जातो, आणि प्रवाहाचा जोर याच काठाला चिकटून असतो. इथल्या नकाशावर छापील इशारा आहे: या काठापासून बाहेर वीस मैलांपर्यंत वीस मीटर उंचीच्या असाधारण लाटा उठू शकतात आणि त्यांच्या आधी खोल खळगा येतो. नकाशावर इशारे पुष्कळ असतात, पण लाटेच्या आधी येणाऱ्या खळग्याबद्दल सांगणारा इशारा मी दुसरीकडे कुठे वाचला नाही.

असं का होतं, ते हिशोबाने कळतं. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा, ज्यांना आम्ही स्वेल म्हणतो, नैर्ऋत्येकडून येतात. बारा सेकंदांच्या अंतराने येणारा स्वेल मोकळ्या समुद्रात साधारण सव्वादोनशे मीटर लांब असतो. त्याला समोरून चार नॉटचा प्रवाह भेटला की लाट आखडते. लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास येते आणि उंची जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. त्यातून प्रवाहाची वळणं भिंगासारखं काम करतात आणि पसरलेल्या लाटा एका जागी गोळा करतात. वर नैर्ऋत्येचा वारा सुटला, तर त्याच्या नव्या लाटा या जुन्यांवर चढतात. समोरची बाजू उभी होत जाते. चढण चढून जावी अशी लाट तेव्हा भिंत होते. जहाजाची लांबी आणि लाटेची लांबी एकमेकींच्या जवळ असली की पोलादाला सगळ्यात जास्त ताण बसतो. आमची लांबी २२५ मीटर होती.

'वाराता' नावाची आगबोट २६ जुलै १९०९ रोजी दरबानहून केप टाउनला निघाली. तिच्यावर २११ माणसं होती. ती याच पाण्यात नाहीशी झाली आणि आजपर्यंत सापडलेली नाही. १९६८ च्या जूनमध्ये 'वर्ल्ड ग्लोरी' हा तेलवाहू टँकर दरबानजवळ दोन तुकडे होऊन बुडाला. ऑगस्ट १९९१ मध्ये 'ओशियानोस' हे प्रवासी जहाज वाइल्ड कोस्टजवळ बुडालं. त्यावरची पाचशे एकाहत्तर माणसं मात्र सगळीच्या सगळी वाचली. जून, जुलै, ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आम्हीही ऑगस्टातच होतो.

बंदर सोडायच्या आधीचा दिवस बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा असतो. आमचा बोसन हर्णैकडचा, पन्नाशीचा, मचव्यावर वाढलेला. त्याच्या आजोबांच्या काळात या हुद्द्याला सारंग म्हणत आणि सुकाणू धरणाऱ्याला सुखानी. आमच्या जहाजावरच्या कोकणातल्या पोरांच्या तोंडी ते शब्द अजून होते. मी त्याला चाचा म्हणायचो.

नांगराची साखळी डेकवरून ज्या नळ्यांतून खालच्या चेन लॉकरमध्ये उतरते, त्या नळ्यांची तोंडं चाचाने आधी फाटक्या गोणपाटाने आणि कॅनव्हासने ठासली आणि वरून सिमेंट लिंपलं. पोरं कंटाळली होती. नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, स्टोअरमध्ये हवा खेळवणारे छत्रीसारखे पोलादी व्हेंटिलेटर असतात. त्यांची चाकं फिरवून बंद केल्याचं मी यादीत लिहिलं, तेव्हा चाचा म्हणाला, "साब, वरचं चाक फिरवलं म्हणजे झालं नाय. खाली उतरून आतला फ्लॅप बघा. वरची छत्री दर्या कधी पन नेतो."

आम्ही दोघं टॉर्च घेऊन खाली उतरलो. एका फ्लॅपचं रबर वाळून भेगाळलं होतं. त्याने ते काढलं, दुसरं कापून बसवलं, फ्लॅप लावला आणि कडेने खडू फासून उघडून पाहिलं. खडूची रेघ रबरावर पूर्ण गोल उमटली, तेव्हाच तो वर आला. हे सगळं एका माणसाचा हात जाईल एवढ्या भोकासाठी.

एवढी काळजी कशासाठी, ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. सप्टेंबर १९८० मध्ये 'डर्बिशायर' हे प्रचंड ब्रिटिश मालवाहू जहाज ओकिनावाजवळच्या टायफूनमध्ये बुडालं आणि चव्वेचाळीस माणसं गेली. संकटाचा संदेशसुद्धा आला नाही. पुढे तळाशी कॅमेरे उतरवून अवशेष तपासले, तेव्हा कळलं की पुढचे व्हेंटिलेटर आधी मोडले होते. त्या छोट्या भोकांतून तासन् तास पाणी आत गेलं, नाळ जड होऊन खाली बसली, लाटा पहिल्या हॅचवर, म्हणजे होल्डच्या तोंडावर, पडू लागल्या आणि शेवटी हॅचचं झाकणच खचलं. आज प्रत्येक बल्क कॅरियरच्या होल्डमध्ये पाणी शिरल्याची सूचना देणारा गजर लावावा लागतो, तो अशाच बुडालेल्या जहाजांमुळे. चाचाने ते अहवाल वाचले नव्हते. आपल्याकडच्या किनाऱ्यावर 'रामदास' बोटीची गोष्ट मात्र घराघरांत सांगितली जाते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना ती उलटली. चाचाने ती त्याच्या आजीकडून ऐकली होती.

आम्ही संध्याकाळी निघालो. रात्र सुरेख गेली. मागून ईशान्येचा वारा आणि खालून प्रवाह होता, आणि दोन्ही आमच्याच दिशेने. जहाज साडेसोळा नॉट देत होतं. मेसमधली पोरं खूश होती, कारण असंच चाललं तर रॉटरडॅम एक दिवस आधी येणार होतं. वारा आणि पाणी एकाच दिशेने चाललं की लाटा लोळून सपाट होतात. त्या रात्री इतकं सोपं वाटत होतं, ते याच कारणाने.

पण बॅरोमीटर उतरत होता. रात्री बाराला मी वॉचवर आलो तेव्हा १०१६ होता, पहाटे चारला १०११ आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १००४. या किनाऱ्याची ही ठरलेली चाल आहे. आधी ईशान्येचा उबदार वारा आणि पडता दाब, मग थोडा वेळ एकदम शांत आणि मग नैर्ऋत्येचा तडाखा. दाब पुन्हा चढायला लागला की तुम्ही वादळाच्या तोंडात असता.

दुपारी एकच्या सुमारास, पोर्ट सेंट जॉन्स मागे टाकून ईस्ट लंडनकडे जात असताना, वारा पडला. झेंडा दोरीला लोंबू लागला. पाण्यावर एक तेलकट चकाकी आली आणि तिच्याखालून, दक्षिणेकडून, लांबलचक फुगवटे येताना दिसू लागले. कॅप्टन साहेब न बोलावता वर आले. बॅरोमीटरच्या काचेवर त्यांनी नखाने टकटक केलं.

"तुझी बाहेर पडायची दुसरी जागा किती लांब?"

"पाच मैल मागे राहिली, सर. तिसरी अकरा मैल पुढे आहे."

"तिसरीपर्यंत थांबायचं नाही. आत्ताच वळव. रेषेच्या आत जाऊ."

किनारा उजव्या हाताला होता. आम्ही पस्तीस अंश उजवीकडे वळलो. २०० मीटरची रेषा सात मैलांवर होती. ऑटोपायलट काढला आणि सुखानी सुकाणूवर आला. इंजिनाचे फेरे ८२ वरून ७० वर आणले. अडचण अशी की प्रवाह सोडून काठाकडे जाताना त्याचा सगळ्यात जोरदार पट्टा ओलांडावाच लागतो. आपण आणखी लवकर निघायला हवं होतं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळत होतं. मी दुसऱ्या जागेपाशी, वीस मिनिटं आधी, बॅरोमीटर पाहून त्यांना फोन करू शकलो असतो. केला नाही, कारण वेग छान मिळत होता.

नैर्ऋत्येचा वारा वीस मिनिटांत आला. आधी क्षितिजावर एक काळसर पट्टी दिसली, मग त्या पट्टीखाली पांढरं. वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा आठ नॉटवरून पंचेचाळीसवर गेला. पाण्याचा रंग बदलला. तासाभरात समुद्र असा झाला, की प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाटेला नाळ धाडकन आपटे आणि तो हादरा सबंध डेकमधून सरकत आमच्या पायांपर्यंत येई. ब्रिजवरून डेकवरच्या लांब नळाकडे पाहिलं, तर जहाज वाकताना आणि सरळ होताना डोळ्यांना दिसत होतं. पोलादाने वाकायलाच हवं, न वाकलं तर मोडेल. हे ठाऊक असूनही ते पाहणं अवघड जातं. फेरे ५५ वर आणले. आता जहाजाने पुढे जायचं नव्हतं, फक्त सुकाणूला उत्तर देण्यापुरता वेग ठेवायचा होता.

साडेतीनला काही मिनिटं कमी होती. रेषा अजून दोन मैल दूर होती.

नाळ खाली गेली आणि वर आलीच नाही. दर वेळी ती खाली जाते, थांबते आणि उचलली जाते, ती लय दोन तासांत अंगात भिनली होती. या वेळी थांबायची वेळ आली आणि ती आणखी खाली गेली, जणू समोरचं पाणी कोणी काढून घेतलं होतं. त्या खळग्यापलीकडे उभी होती ती लाट मला आधी लाट वाटलीच नाही. ती बाकीच्यांपेक्षा जास्त गडद होती आणि तिचा माथा आमच्या पुढच्या डोलकाठीच्या दिव्याच्या वर होता. कॅप्टन साहेब फक्त "धरा" म्हणाले.

पाणी नाळेवरून फुटून आलं नाही, अख्खं आलं. पहिलं आणि दुसरं हॅच दिसेनासं झालं. मग ब्रिजच्या काचांवर पांढरं पसरलं आणि काही क्षण कुठलाही आवाज वेगळा ओळखता येईना. मागे प्रोपेलर हवेत निघाला आणि मोकळा फिरू लागला. त्याची थरथर दातांत जाणवली. या सगळ्यात सुखानी मोठ्याने हेडिंग वाचत राहिला. "दोनशे साठ... दोनशे छप्पन... दोनशे एकोणपन्नास..." लाट डाव्या नाळेवर बसली होती आणि जहाज तिच्याकडे खेचलं जात होतं. आडवं पडलं असतं तर पुढचं सांगायला मी नसतो. "दोनशे एकोणपन्नास... दोनशे एक्कावन्न... दोनशे पंचावन्न, येतंय सर." तो बावीस वर्षांचा होता, देवगडचा.

नाळ पाणी सांडत वर आली. मी होल्डच्या गजरांच्या पॅनेलकडे पाहिलं. एकही दिवा लागला नव्हता.

पावणेपाचला आम्ही रेषा ओलांडली. आत वारा तेवढाच होता. लाटाही लहान नव्हत्या. लॉगमध्ये मी सहा मीटर लिहिलं. पण त्यांचे खांदे गोल झाले होते. जहाज चढायचं आणि उतरायचं, आपटायचं नाही. उजव्या हाताला किनारा जवळ होता, आणि नैर्ऋत्येच्या वादळात किनाऱ्याकडे जाणं कुठल्याही खलाशाच्या अंगवळणाविरुद्ध आहे. तिथे प्रवाहाची मदतही नाही. साडेसोळा नॉटने पळणारं आमचं जहाज आता पाच नॉटने चाललं होतं. या किनाऱ्याचं शहाणपण हेच आहे: जे पाणी तुम्हाला पुढे नेत असतं, तेच योग्य वेळी सोडावं लागतं.

त्या रात्री कुकने खिचडी केली, कारण दुसरं काही भांड्यात राहत नव्हतं. ताटं घसरू नयेत म्हणून मेसमधल्या टेबलावरची चादर पाण्याने भिजवली होती. मी गादीच्या एका कडेखाली लाइफजॅकेट कोंबून, भिंतीत आणि गादीत अडकून तासभर पडलो. झोप आली नाही. आपटण्याचा आवाज येत नव्हता, तरी कान त्याचीच वाट पाहत होते.

अलीकडे या वाटेचा विचार मनात पुन्हा येतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे सुएझची वाट सोडून शेकडो जहाजं केपला वळसा घालू लागली. अगुल्हासचं हिवाळी पाणी कधीच न पाहिलेले कितीतरी अधिकारी त्यांवर आहेत. जुलै २०२४ मध्ये तिथल्या खवळलेल्या समुद्रात एकाच कंटेनर जहाजावरून ४४ कंटेनर पाण्यात गेले. त्या जहाजांवर आपल्याकडची पोरं खूप आहेत. कोणी सुट्टीवर आलेला भेटला की मी त्याला पहिल्यांदा विचारतो, बाहेर पडायच्या जागा काढतोस का.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उतरला. जहाज भाड्याने घेणाऱ्यांचा निरोप येऊन पडला होता: वेग का कमी झाला, खुलासा करावा. कॅप्टन साहेबांनी वेळ, अक्षांश-रेखांश, वारा आणि लाट एवढंच लिहून पाठवलं.

डेकवर जायला परवानगी मिळाली, तशी मी चाचाबरोबर पुढे गेलो. डाव्या बाजूचा कठडा तीन ठिकाणी आत वाकला होता. नळ्यांवरचं सिमेंट शाबूत होतं. रबर बदललेल्या त्या व्हेंटिलेटरची छत्री गेली होती. कापून काढावी तशी, बुंध्यापासून. तिथे डेकमध्ये वाटोळं उघडं भोक होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. चाचाने स्टोअरचं झाकण उघडलं आणि तो खाली उतरला. मी वर थांबलो. त्याचा टॉर्च फिरताना दिसत होता. मग त्याने मापाची सळई मागितली, तिला खडू फासला, बिल्जमध्ये सोडली आणि वर ओढून माझ्याकडे दिली.

खडू खालपर्यंत पांढरा होता.

"रबर नवीन मागवा, साब," खालून आवाज आला, "आनी सिमेंटच्या दोन गोनी."