दोन मिलिमीटरांची निळाई

अरुणाचल प्रदेशातल्या सियांग खोऱ्यात यिंगकू नावाचं गाव आहे. तिथल्या गुरांच्या एका चढणीच्या वाटेवर, जमिनीपासून दहाएक फूट उंचीवरच्या झाडाच्या ढोलीत, तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात काहीतरी चमकताना संशोधकांना दिसलं. ॲस्पिरेटर म्हणजे तोंडाने हवा ओढून कीटक अलगद बाटलीत घ्यायची नळी. तिने त्यांनी दोन कीटक टिपले. त्या मुंग्या निघाल्या, आणि त्याही निळ्या!

बंगळुरूच्या ‘एट्री’ या पर्यावरण संशोधन संस्थेतील धर्मराजन प्रियदर्शनन आणि रामकृष्णय्या सहनश्री यांनी फ्लोरिडा विद्यापीठातील अश्वज पुन्नथ यांच्यासह २०२४ मध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. जातीचं नाव पॅरापॅराट्रेकिना नीला. अंगाची लांबी दोन मिलिमीटरही नाही.

एवढ्याशा देहाचं वर्णन करायचं तरी कसं? कीटकशास्त्रज्ञ डोक्यापासून सुरुवात करतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याची लांबी, रुंदी, डोळ्याचा व्यास, मिशीच्या पहिल्या लांब कांडीची लांबी असं सगळं मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजतात आणि मग त्यांची गुणोत्तरं काढतात. एकाच वारुळातल्या दोन बहिणी आकाराने लहानमोठ्या असू शकतात, पण डोक्याच्या रुंदीशी मिशीच्या कांडीचं प्रमाण सहसा फार हलत नाही. म्हणून नुसत्या लांबीपेक्षा गुणोत्तर अधिक विश्वासाचं. नीलाचं डोकं त्रिकोणाकडे झुकणारं, डोळे मोठे, जबडा त्रिकोणी आणि त्यावर पाच दात. मिशा, जबडे आणि पाय सोडले तर बाकी सारं अंग धातूसारख्या निळ्या झाकेचं.

रंग कितीही डोळ्यात भरला तरी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरते ती केसांवरून. पॅरापॅराट्रेकिना आणि तिच्या जवळच्या प्रजातींच्या गटातल्या मुंग्यांच्या पाठीवर जाड, ताठ केस जोडीजोडीने उभे असतात, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. छातीच्या मागच्या टोकाला प्रोपोडियम नावाचा भाग असतो. तो खरं तर पोटाचा पहिला खंड, पण मुंग्यांमध्ये छातीला जोडला गेलेला. पॅरापॅराट्रेकिना प्रजातीत या भागावर ताठ केसांची एक जोडी असते. आपल्या ओट्यावरून, भिंतीवरून दिशाहीन धावणाऱ्या लांब पायांच्या काळ्या मुंग्या पॅराट्रेकिना या जवळच्याच प्रजातीतल्या, पण त्यांच्या प्रोपोडियमवर असे ताठ केस नसतात. दोन केसांवरून दोन प्रजाती वेगळ्या ओळखायच्या, हे ऐकायला नवलाचं वाटेल. पण २०१० मध्ये या गटाची फेरमांडणी झाली तेव्हा डीएनएच्या पुराव्याबरोबर हे केसही साक्षीला होते.

निळा रंग प्राण्यांमध्ये मुळातच दुर्मीळ. तो बहुधा रंगद्रव्यातून येत नाही. पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला निळा भाग तेवढा परतवतात आणि डोळ्यांना निळाई दिसते. फुलपाखरं, भुंगे, गांधीलमाश्या यांच्यात ती सापडते. मुंग्यांच्या सोळा हजारांहून अधिक ज्ञात जाती-उपजातींमध्ये मात्र निळी झाक असलेल्या मोजक्याच. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या इवल्या मुंगीला या रंगाचा उपयोग काय, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उघडा आहे.

भारतातून पॅरापॅराट्रेकिना प्रजातीची याआधीची जात १९०२ मध्ये ऑगस्ट फोरेल यांनी नोंदवली होती. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ आणि ओढीने मुंग्यांचे अभ्यासक. पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं गेलं. त्यांच्याकडे भारतातले नमुने पोहोचत त्यात मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचा मोठा वाटा होता. रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर लेखही लिहिला. या देशातल्या कित्येक मुंग्यांच्या शास्त्रीय नावात आज त्यांचं नाव आहे. एका वनाधिकाऱ्याने कामाच्या रगाड्यात जपलेला हा छंद केवढा फळाला आला!

नीलाच्याच वर्षी, ‘झूकीज’मध्येच, अगदी उलट्या घडणीच्या एका मुंगीचं वर्णन आलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात २५ मीटर खोल विंधण छिद्रातून जाळी फिरवून वर काढलेल्या नमुन्यांत दोन मुंग्या मिळाल्या: फिकट, सडपातळ, लांब काटकुळ्या पायांच्या, डोळे नसलेल्या आणि तीक्ष्ण जबड्यांच्या. हॅरी पॉटरच्या कथांमधल्या खलनायकावरून या जातीचं नाव ठेवलं लेप्टानिला वोल्डेमॉर्ट. जमिनीखाली रंग निरुपयोगी आणि डोळेही; तिथे जबडा आणि पाय हेच महत्त्वाचे.

या दोन्ही वर्णनांचा आधार कामकरी मुंग्या आहेत. लेप्टानिलाच्या उपकुळात नेमकी इथेच मोठी अडचण येते. पंख असलेले नर कामकऱ्यांहून इतके निराळे दिसतात, की काही जातींचं वर्णन केवळ नरांवरून झालं आहे आणि काहींचं केवळ कामकऱ्यांवरून. डोळ्यांनी पाहून त्यांची सांगड घालणं कठीण, म्हणून आता डीएनए ताडून कोणता नर कोणत्या कामकऱ्याच्या जातीतला ते ठरवलं जातं.