केळीच्या घडाचे आवरण

गर कितीही गोड असो, सालीवर काळपट चरे असलेली फणी जबलपूरच्या बाजारातही मागे पडते. हे चरे कोवळेपणीचे असतात. वाऱ्याने पान घासते, फुलकिडे साल खरवडतात, आणि फळाबरोबर डागही वाढतो. म्हणून बऱ्हाणपूर व रावेर-यावलकडील बागांत निसवलेल्या घडास पिशवी चढवितात. वाळल्या पानांनी घड झाकण्याची रीत जुनीच आहे. आता न विणलेल्या कापडाची पिशवी आली. सर्व फण्या उमलल्यावर केळफूल मोडून ती दांड्याशी बांधावयाची. तळ उघडाच ठेवावयाचा, नाहीतर दमट हवा कोंडते. थंडीत पारा १० अंशांकडे उतरला की घडाची वाढ खुंटते, तेव्हा आवरणातील ऊब उपयोगी पडते. उन्हाळ्यात मात्र जाड प्लास्टिकखाली फळ भाजते. उशिरा चढविलेल्या पिशवीने आधीचा चरा पुसला जात नाही.