जुन्या ट्रॅक्टरचे गंजलेले भाग सोडविण्याची रीत

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके मुख्यत्वे भातपिकाचे आहेत. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवा सतत दमट असते आणि घाटमाथ्याकडे जावे तसे पावसाचे मान वाढत जाते. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरची चाके खाचरातील पाण्यात व चिखलात चालतात. काम संपल्यावर यंत्र न धुता, न पुसता उघड्यावर उभे राहिले, तर नट-बोल्ट, खिळी, क्लच आणि क्वचित पिस्टनसुद्धा गंजाने जागच्या जागी जखडून जातात. पुढील वर्षी मृगाच्या तोंडावर हे ध्यानात आले म्हणजे घाईने मोठा हातोडा हाती घेतला जातो आणि गंज सुटण्याऐवजी यंत्रच मोडते.

जुन्या यंत्राच्या बाबतीत हे नुकसान विशेष जाणवते. भारतात तयार झालेला पहिला आयशर ट्रॅक्टर फरीदाबाद येथे १९५९ साली बाहेर पडला, तर बी-२७५ या ट्रॅक्टरची बांधणी मुंबईत १९६५ मध्ये सुरू झाली. इतक्या जुन्या यंत्रांचे सर्व सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. एक बीडाचा भाग तडकला तर तो मिळेपर्यंत चिखलणी खोळंबते, लावणी लांबते, रोपवाटिकेतील रोपे जून होतात आणि उत्पन्न घटते. म्हणून हे काम अक्षय तृतीयेच्या सुमारास हाती घ्यावे व त्यास पुरेसे दिवस द्यावेत.

भाग का अडकतो?

गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. नट व बोल्ट यांच्या आट्यांमधील फट फार अरुंद असते. तीत गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखी स्थिती होते. अशा वेळी केवळ जोर लावल्यास बोल्टचे डोके तुटते आणि दांडा आतच राहतो. तेल झिरपविणे, हलके हादरे देणे व उष्णता देणे हे तीन उपाय याच क्रमाने योजावेत. जोर सर्वांत शेवटी लावावा.

तेल व हादरे

प्रथम तारेच्या ब्रशने माती व सुटा गंज काढावा. नंतर गंज सोडविण्याचे पातळ तेल आट्यांवर सोडावे. ते न मिळाल्यास डिझेल व इंजिन ऑइल यांचे समभाग मिश्रण वापरावे. पातळ तेल बारीक फटीत आपोआप ओढले जाते, मात्र त्यास वेळ लागतो. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल द्यावे व प्रत्येक वेळी लहान हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके मारावेत. त्या हादऱ्यांनी गंजाला चिरा पडतात व तेल आत शिरते.

पाना नेमक्या मापाचा, शक्यतो रिंग किंवा गोटी पाना घ्यावा. आटे उलटे तर नाहीत ना, हे आधी पाहावे. नट प्रथम किंचित आवळावा व मग सोडवावा. हलू लागताच एकदम न फिरविता थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवीत पुन्हा तेल द्यावे.

उष्णता देताना

तेलाने काम न झाल्यास नट तापवावा. पोलादी नटाचे छिद्र २५ मिलिमीटरचे असेल, तर तापमान २०० अंश सेल्सिअसने वाढल्यावर ते सुमारे ०.०६ मिलिमीटर मोठे होते. ही वाढ केसाच्या जाडीएवढीच असली तरी गंजाची पकड सुटण्यास ती बहुधा पुरते. तापविण्यापूर्वी वरचे तेल पुसून काढावे आणि तापलेल्या भागावर तेल ओतू नये, कारण ते पेट घेते. डिझेलची टाकी व बॅटरी यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. टायर बसविलेला असताना चाकाचे नट कदापि तापवू नयेत, कारण टायर फुटून प्राणहानी होऊ शकते. तापलेल्या बीडावर पाणी टाकल्यास ते तडकते.

पिस्टन अडकल्यास

अडकलेले इंजिन दुसऱ्या वाहनाने ओढून फिरवू नये, त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये वरील मिश्रण थोडे थोडे घालावे व आठवडाभर मुरू द्यावे. व्हॉल्व्ह मोकळे आहेत याची खात्री करावी. नंतर सपाट जागी ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये घालून मागील चाके हातांनी पुढे-मागे हलवावीत. उतारावर हा प्रयोग करू नये. इंजिन मोकळे झाल्यावर इंजेक्टर न बसविताच ते हाताने अनेक वेळा फिरवून सिलिंडरमधील द्रव बाहेर काढावा. द्रव आत राहून इंजिन सुरू केल्यास रॉड वाकतो. खालच्या तेलात डिझेल मिसळलेले असते, म्हणून तेही बदलावे.

बोल्ट तुटलाच तर उरलेल्या तुकड्यावर नट वेल्डिंगने जोडून तो फिरविता येतो. हे काम कुशल कारागिराकडून करवून घ्यावे व त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. जुन्या क्लच व ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ट्रॅक्टरखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम लाकडी ठोकळे लावावेत.

पुढील वर्षाची तजवीज

चिखलणी संपताच यंत्र धुऊन, वाळवून सर्व ठिकाणी ग्रीस भरावे. उघड्या आट्यांना जुने तेल नव्हे, तर स्वच्छ ग्रीस लावावे. धुराड्याचे तोंड झाकावे. ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असल्यास क्लचचे पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवावे, म्हणजे क्लचची तबकडी फ्लायव्हीलला चिकटत नाही. दर पंधरवड्यास इंजिन काही वेळ चालवावे, मात्र त्यापूर्वी पेडल मोकळे करण्यास व धुराड्यावरील झाकण काढण्यास विसरू नये. भाताचे खाचर वेळेवर तयार होणे हे पुष्कळ अंशी या काळजीवर अवलंबून असते.