पडदा आणि मुलाचें मन

मूल जेवत नाहीं, म्हणून आई त्याच्यापुढें मोबाईल ठेवते. रंगीत चित्रें नाचूं लागतात, गाणें सुरू होतें आणि मूल मुकाट्यानें घास गिळूं लागतें. शहरांतील सुशिक्षित घरांत हा देखावा आज नित्याचा झाला आहे. त्याबद्दल आईस दोष देणें अन्यायाचें होईल. घरांत माणसें थोडीं आणि कामें फार. शिवाय चित्रांतून मूल कांहीं शिकतच असेल, अशी आशाहि असते. ही आशा कितपत खरी आहे?

अमेरिकेंतील सिएटल येथें पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील ९ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविण्यांत आली. कांहीं बालकांपुढें चिनी बोलणारी व्यक्ति स्वतः बसून खेळणीं दाखवी, पुस्तक वाची. कांहींना तसेंच बोलणें पडद्यावरून किंवा नुसतें ध्वनिमुद्रित ऐकविलें. २५ मिनिटांच्या १२ बैठकी झाल्या. पहिल्या गटाला चिनी ध्वनींतील भेद ओळखतां येऊं लागला. दुसऱ्यांना तो आला नाहीं. भाषा तीच होती. उणें होतें तें समोरचें माणूस.

पुढें २०१४ सालच्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, पडद्यावरील व्यक्ति मुलाला तेथल्या तेथें प्रतिसाद देत असेल, तर दोन-अडीच वर्षांचें मूल नवे शब्द उचलतें. आधीं मुद्रित केलेल्या बोलण्यांतून उचलीत नाहीं. तेव्हां परदेशच्या नातवाशीं आजीनें मोबाईलवरून मारलेल्या गप्पा आणि एकामागून एक लागणारीं गाणीं एकाच मापानें मोजूं नयेत.

मग पडद्याला जागा किती द्यावी? येथें पालकांच्या वळणाचा प्रश्न येतो. डायना बॉमरिंड या अमेरिकन विदुषीनें १९६६ सालीं पालकांचे तीन प्रकार सांगितले: हुकमत गाजविणारे, सर्व कांहीं चालूं देणारे, आणि माया व शिस्त यांची सांगड घालणारे. पहिला मोबाईल हिसकावून घेतो. मूल भितें, पण कारण त्याला उमगत नाहीं. दुसऱ्याला रडें ऐकवत नाहीं, म्हणून तो मोबाईल परत देतो; मग राग आणि कंटाळा सोसण्याची संधि मुलाला मिळतच नाहीं. तिसरा आधींच सांगतो, ‘ही गोष्ट संपली कीं बंद.’ ती संपतांच तो बंद करतो, रडणाऱ्याला जवळ घेतो. पण दिलेला शब्द मोडीत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मर्यादा सांगितली ती अशी: दोन वर्षांच्या आंतील बालकास पडद्यापुढें बसवूं नये, दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं फार तर १ तास, आणि त्याहून कमी तितकें बरें. परंतु जेवतांना बापाच्याच हातांतील मोबाईल सुटत नसेल, तर मुलाला घातलेला नियम टिकावा कसा?

काऊ-चिऊच्या नांवानें भरविलेल्या घासाला वेळ अधिक लागतो. तो आईनेंच भरविला पाहिजे असें नाहीं. बाप, आजी, आजोबा कोणीहि चालेल. त्या वेळांत मूल समोरच्याचें तोंड पाहतें, बोल ऐकतें, आणि त्याच्या बोबड्या शब्दाला उत्तर मिळतें. शिकणें तेथूनच सुरू होतें.