बाटलीतले पाणी, ओढ्यातले मासे

नदी चांगली की वाईट, हे आपल्याकडे बाटलीवरून ठरते. ठरलेल्या जागी, साधारणपणे महिन्यातून एकदा, पाण्याचा नमुना भरला जातो. प्रयोगशाळेत विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी (बीओडी), सामू आणि जिवाणू मोजले जातात आणि आकडे मर्यादेत बसले की तो पट्टा बरा ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादीही बीओडीवर उभी आहे. लिटरमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की पट्ट्याचे नाव यादीत येते. २०२२ च्या यादीत देशभरातले ३११ पट्टे होते आणि त्यांतले ५५, म्हणजे सर्वांत जास्त, महाराष्ट्रातले होते. ही यादी गरजेची आहे, कारण सांडपाणी कुठे सोडले जाते ते तिच्यावरून कळते. पण यादीत नाव नसलेला ओढा निरोगी आहे, असा अर्थ तिच्यातून काढला जातो तेव्हा फसगत होते. ओढ्याची प्रकृती पाहायची तर त्यात कोणते मासे राहतात आणि त्यांना राहायला कशी जागा उरली आहे, हे दोन्ही एकत्र पाहावे लागते. त्यातले एकच पाहिले तर निदान अर्धवट राहते.

बाटलीची पहिली अडचण वेळेची आहे. खतांचा आणि मैल्याचा अंश मिसळलेल्या पाण्यात शेवाळ माजते. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच प्राणवायू वापरते. त्यामुळे पहाटे पाणी गुदमरलेले असते आणि सकाळी अकराला नमुना भरणाऱ्याला ते तरतरीत दिसते. एखाद्या कारखान्याने पावसाच्या रात्री सोडलेले पाणी दोन दिवसांत वाहून गेलेले असते. तापमानाचाही यात वाटा असतो. २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. काठावरची करंज-जांभळे तोडली, सावली गेली, की काहीही न मिसळता पाण्याची ताकद घटते. मासा मात्र तिथेच मुक्कामाला असतो. पहाट, पूर, उन्हाळा, चोरून सोडलेले रसायन यांतले काहीच त्याला चुकवता येत नाही. काही जाती कित्येक वर्षे जगतात, म्हणून एका ओढ्यातल्या माशांच्या वयांत आणि जातींत मागच्या काही वर्षांचा हिशेब साठलेला असतो.

हा हिशेब वाचण्याची पद्धत अमेरिकेत घडली. तिथल्या १९७२ च्या जलशुद्धी कायद्याने देशाच्या पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता राखण्याचे उद्दिष्ट घातले, पण प्रत्यक्षात मोजमाप होत राहिले ते रसायनांचेच. इंडियाना आणि इलिनॉयच्या शेतीप्रदेशातल्या ओढ्यांवर काम करणाऱ्या जेम्स कार या जीवशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये जैविक अखंडतेचा निर्देशांक मांडला. त्यात बारा कसोट्या होत्या. एकूण जाती किती, तळाच्या गोट्यांत राहणाऱ्या डार्टर माशांच्या जाती किती, प्रदूषण मुळीच न सोसणाऱ्या जाती किती, वाटेल ते खाणाऱ्यांचे प्रमाण किती, किडे खाणाऱ्यांचे किती, वरच्या पातळीवरचे शिकारी मासे आहेत का, संकर किती, अंगावर गाठी-जखमा असलेले किती. प्रत्येक कसोटीला ५, ३ किंवा १ गुण, म्हणजे एकूण १२ ते ६०. हे गुण त्या प्रदेशात, तेवढ्या आकाराच्या निकोप ओढ्याकडून जी अपेक्षा धरता येते तिच्याशी तुलना करून दिले जातात. मोठ्या प्रवाहात जाती जास्त असणारच, म्हणून लहान ओढ्याला त्याचा दंड बसत नाही. सर्वांत बोलक्या कसोट्या आहाराच्या आहेत. गाळाने तळ झाकला की दगडांखालचे किडे मरतात, किड्यांवर जगणारे मासे उपाशी पडतात आणि मिळेल ते खाणारे फोफावतात. माशांची संख्या तेवढीच राहते, कधी वाढतेही. जातींचे आणि सवयींचे गणित मात्र पार बदललेले असते.

म्हणूनच ‘नदीत अजून मासे मिळतात की’ हा दिलासा फारसा कामाचा नाही. मरळ आणि मागूर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकतात, त्यामुळे प्राणवायू संपत आलेल्या डबक्यातही ते तग धरतात. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज बिघडलेल्या पाण्यातही तिची चलती आहे. डासांच्या अळ्या खातील म्हणून सोडलेले गप्पी आणि गँबुसिया गटारीतही जगतात. टोपलीभर चिलापी मिळणे हा मच्छीमाराचा आजचा रोजगार आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ओढ्याची तब्येत सांगणारे मासे वेगळे. मळ्या हा खालच्या बाजूला तोंड असलेला मासा वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो आणि त्यावरचे शेवाळ खरवडून खातो. मुऱ्यासारखे बोटभर मासे वाळू-गोट्यांच्या फटींत दडतात. वाहते पाणी आणि गाळ नसलेला तळ, दोन्ही असल्याशिवाय ते टिकत नाहीत. अमेरिकेच्या निर्देशांकात डार्टर माशांचे जे काम, ते सह्याद्रीच्या ओढ्यांत या माशांकडून करून घेता येईल.

आता प्रश्न असा, की मासे गेले हे कळले तरी ते का गेले हे कसे कळणार? इथे अधिवासाची पाहणी लागते. ओहायो राज्यात १९८९ मध्ये एडवर्ड रँकिन यांनी त्यासाठी शंभर गुणांची पद्धत बसवली. तळाला खडक, गोटे, वाळू आहे की नुसता गाळ, पाण्यात मुळे, ओंडके, कपारी असा आडोसा आहे का, पात्र वळणे घेते की सरळ कापलेले आहे, काठावर झाडोरा किती आणि धूप किती, डोह आणि खळाळ यांची आलटूनपालटून रचना शाबूत आहे का, उतार किती. ढोबळमानाने ६० च्या वर गुण असलेल्या जागी चांगली मत्स्यवस्ती नांदू शकते आणि ४५ च्या खाली ती नांदणे कठीण. दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या की निदान होते. जागा उत्तम पण मासे हलाखीत, तर पाण्यात काहीतरी आहे आणि ते बाटलीच्या हाती लागलेले नाही. पाणी स्वच्छ पण मासे नाहीत आणि जागेचेही गुण कमी, तर आणखी एक सांडपाणी केंद्र बांधून काही साधणार नाही. ओहायोने ६४५ नदीपट्ट्यांची रासायनिक आणि जैविक तपासणी ताडून पाहिली, तेव्हा जवळजवळ निम्म्या ठिकाणी रासायनिक निकष मोडल्याचे दिसले नाही, तरीही जीवसृष्टी खालावलेली निघाली. १९९० मध्ये त्या राज्याने जैविक निकष थेट आपल्या जलमानकांत घातले.

याच राज्यातली कायाहोगा नदी जगाला माहीत आहे ती पेटलेली नदी म्हणून. २२ जून १९६९ ला क्लीव्हलँडमध्ये तिच्यावरच्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला आणि अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्यांच्या चळवळीला तोंड फुटले. तिची कमी सांगितली जाणारी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पुढच्या तीन दशकांत सांडपाण्यावरची प्रक्रिया खूप सुधारली, तरीही वरच्या अंगाला केंट आणि मन्रो फॉल्स या गावांपाशी मासे निकषाला उतरेनात. पाहणीत कारण सापडले ते जुन्या बंधाऱ्यांत. त्यांच्यामागे पाणी तुंबून संथ झाले होते, तळाशी गाळ बसला होता, प्राणवायू घटला होता आणि खळाळ बुडाले होते. केंटचा बंधारा १८३६ चा, गावाचे भूषण. २००४ मध्ये तो न पाडता नदीलाच त्याच्या बाजूच्या जुन्या कालव्याच्या दरवाजातून वाट करून दिली गेली. मन्रो फॉल्सचा बंधारा २००५ मध्ये काढला, तेव्हा खाली गाडला गेलेला नैसर्गिक खडकाळ टप्पा पुन्हा उघडा पडला. काही वर्षांतच केंटचा पट्टा माशांच्या निकषावर उत्तीर्ण झाला. केवळ बाटलीवर विसंबून राहिले असते, तर बंधाऱ्याकडे बोट दाखवायला कुणाकडे पुरावाच नसता.

आपल्याकडे यावर पहिला आक्षेप येतो तो परकेपणाचा: अमेरिकेतल्या माशांसाठी केलेली मोजपट्टी इथे कशी चालेल? जशीच्या तशी चालणारच नाही, तसा दावाही कुणी केलेला नाही. कसोट्यांमागचा विचार घ्यायचा आणि जाती इथल्या बसवायच्या. हे भारतात झालेलेही आहे. इंदूरचे सांडपाणी वाहणारी खान आणि उज्जैनची क्षिप्रा या नद्यांवर गणसन आणि ह्यूज यांनी हा निर्देशांक इथल्या माशांना जुळवून वापरला. त्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. माळव्यात जे जमले ते भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात जमू नये असे काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तुलनेसाठी निकोप ओढा लागतो, आणि महाराष्ट्रात अस्पर्श ओढा उरलाय कुठे? महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे इथे देवाचे म्हणून मासे राखले गेले, पण श्रद्धेने एक डोह वाचतो, अख्खी नदी वाचत नाही. तरीही आपण अगदीच रिकाम्या हाताने उभे नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घातली. गारा मुल्या, टॉर खुड्री, मिस्टस शिंगटी, नुकटा, कोलस, मुरे: जगभरच्या ग्रंथांत ही नावे आजही तशीच आहेत. खुड्री म्हणजे दख्खनचा महासीर. त्याचे मूळ वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून झाले. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची नोंद छापली आणि त्यानंतर पुण्याच्याच संशोधकांनी मुळा-मुठा आणि इंद्रायणीत नव्याने पाहण्या केल्या. कोणत्या ओढ्यात काय असायला हवे, याचा अंदाज या नोंदींवरून आणि त्याच खोऱ्यातल्या सर्वांत कमी बिघडलेल्या ओढ्यांवरून बांधता येतो. हा अंदाज निर्दोष असणार नाही. पण आज बीओडीच्या मर्यादेला आपण जो निर्विवाद मान देतो, त्यापेक्षा तो नदीच्या जास्त जवळचा आहे.

आमचे ओढे एप्रिलमध्ये आटतात, मग मासे मोजायचे काय, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर चढणीच्या माशांत आहे. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. कोकणात याच वलगणीची लोक वर्षभर वाट पाहतात. हे मासे येतात कुठून? उन्हाळाभर पाणी धरून राहिलेल्या डोहांतून आणि खालच्या मोठ्या नदीतून. म्हणजे हंगामी ओढ्याची प्रकृती दोन गोष्टींवर उभी असते: डोह शिल्लक आहेत का आणि वाट मोकळी आहे का. पावसाळा सरल्यावर, दर वर्षी त्याच महिन्यात, सारख्याच प्रकारच्या जाळ्यांनी पाहणी केली, तर त्या वर्षीची चढण साधली की नाही हे कळते. सह्याद्रीच्या माथ्यावर धबधब्यांच्या वर काही ओहोळांत मुळातच मासे नसतात. तिथे हा निर्देशांक निरुपयोगी आहे हे मान्य करून दगडांखालचे किडे मोजावेत. ओहायोतही माशांच्या जोडीला किड्यांचा स्वतंत्र निर्देशांक वापरतात.

शास्त्रज्ञांचा एक आक्षेपही टाळता येत नाही. ग्लेन सुटर यांनी १९९३ मध्ये म्हटले की बारा गोष्टींची बेरीज करून आलेला एक आकडा बरेच काही झाकतो. एका कसोटीतली घसरण दुसरीतल्या वाढीने भरून निघते आणि ‘नदीचे आरोग्य’ हा शब्दच फसवा आहे. बेरजेबद्दलची टीका योग्य आहे. म्हणून बेरीज छापताना तिच्याशेजारी बाराही गुण छापले पाहिजेत आणि निर्णय त्या बारांवरून झाला पाहिजे. पण या टीकेचा रोख बाटलीकडे वळवला तर बीओडीचा एकटा आकडा कितीतरी जास्त झाकतो.

या सगळ्याला महाराष्ट्रात आजच तातडी आहे, कारण आपण ओढ्यांचे आकार झपाट्याने बदलत आहोत. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाची कामे गावोगाव झाली. दुष्काळी गावाला विहिरीत पाणी हवे, माशांची चैन नको, असे कुणी म्हटले तर त्या म्हणण्यामागची तहान खरी आहे. मात्र जेसीबीने सपाट केलेल्या चरात डोह, खळाळ, गोटे आणि सावली हे सगळेच एकदम जाते, आणि कामाच्या हिशेबात नोंद होते ती फक्त साठलेल्या पाण्याची. ओढ्यातले लहान मासे आणि खेकडे हे कातकरी आणि भोई कुटुंबांच्या ताटातले अन्न आहे. त्याचा तोटा कोणत्याच तक्त्यात येत नाही. जुने डोह आणि वळणे तशीच ठेवून बाकीचे काम केले, तर पाणीही साठेल आणि मासेही राहतील, असे मानायला आधार आहे. पण कामाआधी आणि नंतर मोजणी झालीच नाही, तर तो वाद तर्कानेच चालत राहील.

मोजणी सुरू करायची तर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून करता येईल. त्यांची रचनाच अशी आहे की पावसाळा संपताना बर्गे घालून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची. बर्गे वेळेवर निघाले तर पुराबरोबर चढणारे मासे पार जायला हवेत. ते अडकून राहिले, किंवा बंधाऱ्याखालचा तळ खरवडून उंच पायरी पडली, तर मळ्या आणि मुरे खालीच अडणार. बंधाऱ्याच्या वरचे शंभर मीटर आणि खालचे शंभर मीटर, दिवाळीनंतर एकदा, दोन्हीकडच्या जाती आणि दोन्हीकडचा तळ. एका महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग आणि गावातले दोन जाणते भोई एवढी माणसे या कामाला पुरतात, आणि मासे मोजून झाल्यावर पुन्हा पाण्यात सोडता येतात.